एका मताचे घर

लिहून ठेवणार : श्रीमती विमल मारोतराव देठे, वय ६६ वर्षे, राहणार दिग्रस, जिल्हा यवतमाळ. धंद्याच्या रकान्यात काय लिहायचे असे वकीलबाईंनी विचारले तेव्हा मी "माजी आमदार" असे सांगितले. त्या म्हणाल्या, हा काही धंदा नाही. मी म्हटले, आमच्या घरात होता.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, कोणाच्या दबावाला बळी न पडता आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या शुद्धीबद्दल या घरात दोनदा शंका घेतली गेली, एकदा १९९७ साली आणि एकदा २००४ साली, म्हणून दाखल्यावर तारीख आणि शिक्का दोन्ही मी मागून घेतले. मरण कधी येईल ते सांगता येत नाही असे अशा कागदात लिहायची पद्धत आहे. माझ्या हृदयाच्या दोन नळ्या बंद आहेत, ऑपरेशनला मी नकार दिला आहे, आणि नागपूरच्या डॉक्टरांनी मला साधारण अंदाज सांगितला आहे.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या सहीचा तसा दुसरा कागद माझ्यामागे कोणी काढला तर तो खोटा समजावा, सही खरी असली तरीही. असा कागद का निघू शकतो ते कलम ४ मध्ये लिहिले आहे.

कलम १. वारस आणि अंमलबजावणी

माझे पती मारोतराव २००७ साली वारले. कायद्याने माझा वारस एकच, मुलगा नयन, वय ४०. त्याची पत्नी दिपाली कायद्याने माझी वारस नाही. ही गोष्ट पुढे लागणार आहे म्हणून आताच नोंदवते.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी यवतमाळच्या अ‍ॅड. कहकशां शेख यांनी करावी. त्या दिग्रसच्या जफरभाई मेकॅनिकांची मुलगी. मसुदा त्यांनीच तपासला आणि माझ्याकडून पूर्ण फी घेतली, ते मला बरे वाटले. यातला अर्धा मजकूर काढून टाका, मृत्युपत्रात एवढे लिहीत नाहीत, असे त्यांनी दोनदा सांगितले. मी म्हटले, बाई, साडेचार वर्षे विधानसभेत बसून मी सगळे मिळून अकरा मिनिटे बोलले, राहिलेले इथे लिहू द्या.

कलम २. मिळकत

(अ) दिग्रस येथील दुमजली सिमेंटचे घर, पुढच्या बैठकीच्या हॉलसह. मारोतरावांनी ते १९८९ मध्ये बांधले आणि १९९८ मध्ये घाईघाईने माझ्या नावावर केले, कारण ते ज्या कापसाच्या जिनिंग संस्थेचे अध्यक्ष होते तिची चौकशी लागणार अशी बोलवा होती. चौकशी काही लागली नाही. मग घर परत त्यांच्या नावावर करायची वेळ आली तेव्हा मी सही दिली नाही. "विमल, एक सहीच तं पायजे, जमीन थोडीच मागून राह्यलो," असे ते मरेपर्यंत म्हणत राहिले. आयुष्यात मी अडवलेली सही ती एकच.

(ब) माहेरकडून आलेले साडेतीन एकर शेत, आर्णी तालुक्यात.

(क) चार बांगड्या, एक पोत, आणि बँकेतली मुदत ठेव.

(ड) एक शिवणयंत्र, एक लोखंडी पेटी, आणि पेटीतल्या वस्तू.

माजी आमदाराचे निवृत्तिवेतन आणि एसटीचा पास माझ्याबरोबरच संपतात. त्या पासावर एक सोबती फुकट नेता येतो. दहा वर्षांत घरातले कोणी माझ्यासोबत एसटीत बसले नाही. स्वयंपाकाच्या चंदाबाई मात्र दोनदा आल्या, उमरखेडला त्यांच्या बहिणीकडे, आणि दोन्ही वेळा खिडकी मला दिली.

कलम ३. नयनला

१९९५ च्या निवडणुकीचा फोटोंचा अल्बम आणि मारोतरावांची बैठकीतली खुर्ची नयनला द्यावी. शेतही त्यालाच द्यावे. यापेक्षा जास्त का नाही, ते त्याला कळावे म्हणून अल्बमाची हकिकत लिहिते. तो तेव्हा सव्वीस वर्षांचा होता, पण गुलालाच्या गडबडीत होता.

१९९५ ची निवडणूक मारोतरावांची होती. आमच्याकडे पद्धत अशी की उमेदवाराचा अर्ज भरताना त्याच्या बायकोचाही एक अर्ज भरून ठेवायचा. त्याला डमी म्हणतात. छाननीत नवऱ्याचा अर्ज टिकला की डमी आपोआप बाद. त्याआधीच्या दोन निवडणुकांत मी अशी डमी झालेली होते. नवे लुगडे नेसवून मला तहसील कचेरीत नेत, सही झाली की आणून सोडत, आणि मी पोळ्यांची कणीक भिजवायला घेत असे.

त्या वेळी मारोतरावांना आपल्या अर्जावर सूचक म्हणून मोठा माणूस हवा होता. उमरखेडचे फुलचंदशेठ, कापसाचे मोठे व्यापारी, त्यांना मोटार पाठवून आणले, सही घेतली, फोटो काढला, फराळ झाला. माझ्या अर्जाला सूचक कोण याचा कोणी विचारच केला नव्हता. तीन वाजत आले तेव्हा कचेरीबाहेर मशीन मांडून बसणारे श्रावण बेलोरकर शिंपी, जे माझी झंपरे शिवत, त्यांना हाक मारली. ते गळ्यातला टेप तसाच ठेवून आत आले आणि सही करून परत मशीनवर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी छाननीत निघाले की फुलचंदशेठचे नाव उमरखेडच्या मतदार यादीत आहे, आमच्या मतदारसंघात नाही. सूचक त्याच मतदारसंघाचा लागतो. वीस-वीस वर्षे निवडणुका करणारी एवढी जाणती माणसे, पण शेठच्या मोटारीपुढे हे एकालाही सुचले नाही. मारोतरावांचा अर्ज बाद झाला. श्रावणभाऊ दिग्रसचे मतदार, त्यामुळे माझा टिकला. मारोतराव बाहेर आले, माझ्याकडे असे पाहिले की जणू मीच काही केले, आणि म्हणाले, "आता तुलेच उभं कराव लागते."

मी निवडून आले. अल्बममधला सर्वांत मोठा फोटो मिरवणूक घरी आली तेव्हाचा आहे. त्यात गुलाल मारोतरावांच्या अंगावर आहे, हार त्यांच्या गळ्यात आहेत, आणि मी उंबऱ्यात ताट घेऊन त्यांना ओवाळते आहे. निवडून आले होते मी. हा फोटो नयनला बॅनरवर छापायचा असेल तर माझी हरकत नाही, त्यात माझी पाठच दिसते.

कलम ४. लेटरपॅड

पेटीत माझ्या आमदारकीच्या लेटरपॅडची तीन कोरी पाने आहेत. तिन्हींवर खाली माझी सही आहे. ही पाने कहकशांबाईंनी सर्वांसमोर जाळावीत.

आमदार झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मारोतराव हे पॅड छापून घेऊन आले आणि शंभर कोऱ्या पानांवर माझ्या सह्या घेतल्या. "तू राहशीन मुंबईले. इकडं लोकाईले दाखले लागतात, बदल्या लागतात. लागले तं असू दे." मला यात काही वावगे वाटले नाही. ओळखीच्या प्रत्येक बाईमाणसाच्या घरी, सरपंच असो की सभापती, हेच चालत होते. सही करून करून माझे मनगट दुखले आणि मारोतरावांनी स्वतः बाम चोळून दिला. संसारातली ती आठवण मी बरीच वर्षे चांगल्या आठवणींत धरत असे.

१९९७ च्या हिवाळ्यात कापसाचे हाल होते. सरकारी खरेदी केंद्र आमच्या जिनिंग संस्थेच्या आवारात होते. पुढच्या फाटकावर शेतकऱ्यांच्या गाड्या सहा-सहा दिवस रांगेत उभ्या राहत, बैल तिथेच, माणसे तिथेच, आणि मागच्या फाटकातून व्यापाऱ्यांचे ट्रक आत जात. बाहेरून स्वस्तात आणलेला कापूस शेतकऱ्यांच्या नावाने मोजला जाई. मागच्या फाटकासमोर जफरभाईंचे गॅरेज होते. माझी जीप तेच चालवत. एक दिवस त्यांनी मला एक डायरी दाखवली. "ताई, मी बोलनार नवतो. पन पुढं सहा दिवसांपासून मानसं बसून राह्यली, अन् मागं एक्केचाळीस ट्रक गेले. नंबर लिहून ठेवले मी." ट्रकचे नंबर, तारीख, वेळ, सगळे पेन्सिलने, स्वच्छ अक्षरात.

मी नागपूरच्या अधिवेशनासाठी तारांकित प्रश्न दिला. संस्थेचा अध्यक्ष नवराच, हे मला माहीत होते. तरी दिला. माझ्या हातून झालेले शहाणपणाचे काम तेवढेच.

प्रश्नाच्या दिवशी मी डायरी पिशवीत घालून सभागृहात बसले. माझा क्रमांक आला आणि विधानसभा अध्यक्षांच्या आसनावरून पुकारले गेले की सन्माननीय सदस्यांनी हा प्रश्न मागे घेतला आहे. माझ्या लेटरपॅडवर तसे पत्र होते : सदर प्रश्न मी जफर शेख नावाच्या गॅरेजवाल्याने दिलेल्या खोट्या माहितीवर विसंबून विचारला, तो मागे घेते. खाली माझी सही. सही खरी होती.

मी उठले. अर्धी उठले. मी असे पत्र दिलेले नाही, एवढे पाच शब्द बोलायचे होते. शेजारचे सदस्य म्हणाले, "बसा ताई, घरचा मामला हाये." मी बसले. याचा दोष मी मारोतरावांना देऊ शकत नाही, कारण ते तेव्हा सव्वाशे मैलांवर होते. बसले मी.

चार दिवसांत संस्थेची माणसे जाऊन जफरभाईंचे टिनाचे शेड पाडून आली. हत्यारे नालीत फेकली. मारोतराव मला म्हणाले, "डोकं फिरलं होतं काय तुयं? घरातल्या घरात विचाराव, नाई का." माझ्या शुद्धीबद्दलची पहिली शंका ती.

शंभर पानांपैकी ही तीन त्यांच्या कपाटात मागे सापडली. बाकीची कुठे आणि कशी लागली ते मला कधीच कळणार नाही.

कलम ५. डायरी

ती डायरी कहकशांबाईंना द्यावी. त्यांच्या वडिलांचे नाव तेव्हा गावभर खोटारडा म्हणून झाले. त्या चौदा वर्षांच्या होत्या आणि शाळेत त्यांना पोरी "एक्केचाळीस" म्हणून हाक मारत. हे त्यांनी मला परवा मसुदा वाचताना सांगितले, रागाने नाही, मजकूर तपासताना सांगावे तसे. त्यांच्या शिक्षणासाठी मी काहीही केलेले नाही. जफरभाईंची माहिती खरी होती, आणि मी ती खरी आहे हे माहीत असून गप्प बसले, हे या कलमाने जाहीर करते. बारा वर्षे उशिरा करते.

जफरभाईंना आणि श्रावणभाऊंना मी काही देऊ इच्छित होते. पण ते दोघे या कागदाचे साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही दिले तर त्याची साक्षच वादात येते असे वकीलबाई म्हणाल्या. माझ्या बाजूने जो साक्षीला उभा राहिला त्याला कधी काही मिळालेच नाही. त्या दोघांनाही हे सांगितले. श्रावणभाऊ म्हणाले, "मंग काय झालं बाई, सही करतो."

कलम ६. शिवणयंत्र

शिवणयंत्र चंदाबाईंना द्यावे. त्याची सुई मोडलेली आहे, बाकी चांगले आहे. हे यंत्र २००४ च्या निवडणुकीत जफरभाईंच्या जीपच्या टपावर बांधलेले होते.

१९९९ मध्ये तिकीट मारोतरावांनी स्वतःसाठी आणले आणि पडले. २००४ मध्ये पुन्हा त्यांनाच मिळाले. मी अपक्ष अर्ज भरला, आणि शिवणयंत्र हे चिन्ह मागून घेतले, श्रावणभाऊंच्या सहीची आठवण म्हणून. नवरा-बायको एकाच घरातून एकमेकांविरुद्ध उभे. घर माझ्या नावावर, त्यामुळे मला बाहेर काढता येईना, आणि ते स्वतः बाहेर जाईनात. सकाळी दोन्ही प्रचाराच्या गाड्या एकाच दारातून निघत. "विमलले लागली हाये येडेपणाची हवा," असे ते हॉलमध्ये बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. ही दुसरी शंका.

आता जे लिहिते ते मी जफरभाईंखेरीज कोणालाही सांगितलेले नाही.

मतदानाच्या दिवशी मी स्वतःचे मत दिले नाही. आमच्या गल्लीच्या शाळेत बूथ आहे. सकाळी गेले तर रस्त्यावर मारोतरावांच्या पक्षाचे टेबल, त्यावर मतदारांच्या चिठ्ठ्या, आणि खुर्चीवर नयन. माझ्याकडे पाहून तो म्हणाला, "ये आई, चिठ्ठी घेऊन जा." आजूबाजूचे हसले. आपल्याविरुद्धच्या टेबलावरून, आपल्या मुलाच्या हातून चिठ्ठी घेऊन आत जायचे माझ्याने झाले नाही. संध्याकाळी येते म्हणून निघाले. चिठ्ठीशिवायही मत देता येते हे मला माहीत होते, तरी पाय वळले नाहीत. दुपारी आर्णीच्या बाजूला जीपचे क्लच गेले. जफरभाई खाली झोपून घाम गाळत होते आणि मी ढकलत होते. दिग्रसला आलो तेव्हा पाच वाजून गेले होते, शाळेचे फाटक बंद होते. माझे दोन्ही हात ग्रीसने काळे झाले होते, म्हणून बोटाला शाई नाही हे कोणाला दिसले नाही. दुसऱ्या दिवशी मी दौतीतली शाई लावून घेतली. निवडणुकीत मी केलेला खोटेपणा तेवढा.

निकालात मला १,९०७ मते पडली. मारोतराव १,६२० मतांनी पडले. म्हणजे त्यांना मी पाडले, हे सांगायला कोणी लागत नव्हते. नयन मतमोजणीला एजंट होता. त्याने यंत्रागणिक आकडे उतरवून आणले होते. जेवायच्या वेळी, हॉलमध्ये वीस-बावीस माणसे असताना, त्याने आमच्या गल्लीच्या बूथचा आकडा वाचला : शिवणयंत्र, एक. मारोतराव पडल्याच्या दुःखातून एकदम वर आले. "पाह्य बाप्पा! पुऱ्या गल्लीत एक मत. तेबी तिचंच." सगळे हसले. नयन सगळ्यांत जास्त हसला. दिपाली पोळ्या वाढत होती. ती वाढतच राहिली.

मी पानावरून उठले नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट : ते मत माझे नाही. मग कोणाचे?

पाच वर्षे मी हे शोधते आहे. गल्लीतल्या सहाशे मतदारांच्या तोंडाकडे पाहत आले. दूधवाल्याचे असेल असे वाटून त्याला दोन दिवाळ्या जास्तीची चकली दिली. समोरच्या मास्तरांचे असेल म्हणून त्यांच्या मुलीच्या लग्नात जरीचे पातळ दिले. जफरभाई, श्रावणभाऊ आणि चंदाबाई दुसऱ्या वॉर्डाचे, त्यांचे नव्हते. मारोतराव शेवटच्या आजारात पडले होते तेव्हा एकदा मला असेही वाटून गेले की यांचेच तर नसेल. विचारावे असे दोनदा जिभेवर आले. पण विचारले असते तर मी मत टाकले नव्हते हे त्यांना कळले असते, आणि मरताना ते आणखी एकदा हसले असते. मी विचारले नाही.

कलम ७. इतर

बांगड्या आणि पोत दिपालीला. मुदत ठेव चंदाबाईंना, त्यांनी ती मुलाच्या हातात देऊ नये. माझी औषधे, चष्मा आणि छत्री कोणाला चालतील त्यांनी घ्यावीत.

कलम ८. अंत्यविधी

माझ्या प्रेतावर कोणत्याही पक्षाचा झेंडा टाकू नये. प्रेत बाजारपेठेतून किंवा पक्षाच्या कार्यालयासमोरून नेऊ नये, मागच्या रस्त्याने न्यावे, तो जवळही पडतो. माझ्या फोटोचे बॅनर, वर्तमानपत्रातली श्रद्धांजली, शोकसभा, यांपैकी काही करू नये. यंदा नयन उभा आहे. मी निवडणुकीआधी गेले तर तो हात जोडून, डोळे पुसून, "मायची इच्छा" म्हणून मते मागेल. माझी तशी इच्छा नाही, हे लेखी देते.

कलम ९. घर

काल, २४ सप्टेंबर रोजी, नयनने अर्ज भरला. सोबत दिपालीचा डमी अर्ज भरला. परवा जेवणाच्या टेबलावर तो अर्ज तिच्यापुढे ठेवला तेव्हा अर्जाखाली कोऱ्या कागदांचाही गठ्ठा होता. मी मोजले, दहा पाने. "हे बी करून ठेव. लागले तं असू दे," तो म्हणाला. त्याला हे बापाने शिकवलेले नाही, माझ्यासमोर तरी नाही. ते त्याला आपोआप आले.

मी म्हटले, "दिपाली, वाचून कर."

"घाईत हायेत हे, आई," ती म्हणाली, आणि दहाही पानांवर सही करून दिली.

नयन निघून गेला. मला राग आला होता. ती स्वयंपाकघरात अंबाडी निवडत बसली. थोड्या वेळाने मान वर न करता म्हणाली, "आई, यंदा मतदानाले मी तुमाले सकाळीच घेऊन जातो. त्या सालासारखं राहाले नको."

मी विचारले, "कोणत्या साली राहिलं होतं?"

तिचे हात थांबले. माझ्याकडे पाहिले आणि तोंडाला पदर लावला. मग भाजी उचलून मोरीकडे निघून गेली.

मी लगेच जफरभाईंना फोन लावला. त्यांनी कोणाला सांगितले का. "कुरान की कसम ताई, घरात बी नाई बोललो. शरम माझीच होती, गाडी माझी होती." मग उरले एकच. मी मत टाकले नाही हे तिसऱ्या एकाच माणसाला कळू शकत होते : ज्याने ते एक मत टाकले त्याला. त्या दिवशी हॉलमध्ये आकडा ऐकताच तिला कळले की ते एक तिचे आहे, म्हणजे सासूचे पडलेलेच नाही. तिने सासऱ्याविरुद्ध आणि टेबलावर बसलेल्या नवऱ्याविरुद्ध जाऊन मत टाकले. मग बावीस माणसांत पोळ्या वाढल्या, हसणे ऐकले, आणि पाच वर्षे तोंड उघडले नाही.

मी काल दिवसभर रडले, हे लिहायला मला लाज नाही. आणि मला तिचा संतापही आला. एक शब्द बोलली असती तर पाच वर्षे मी परक्यांना चकल्या वाटत हिंडले नसते. ती मला स्वयंपाकघरात, दोघीच असताना, सांगू शकत होती. पण मग मला सभागृहातली ती बाई आठवली, जी अर्धी उठली आणि बसली. दिपालीने निदान मत तरी टाकले होते.

म्हणून कलम २ (अ) मधील घर, बैठकीच्या हॉलसह, मी सून दिपाली नयन देठे हिला देत आहे, पुढील एका अटीवर. माझ्या मृत्यूपासून तीस दिवसांच्या आत तिने त्याच हॉलमध्ये, नयन, जफरभाई आणि चंदाबाई यांच्यासमोर उभे राहून मोठ्याने सांगावे : "ते मत माझं होतं." एवढे चार शब्द पुरेत. कारण सांगायचे नाही, माफी मागायची नाही. कहकशांबाईंनी ते ऐकून तसे लिहून घ्यावे, त्या दिवसापासून घर तिचे. बोलताना बसून राहिली तर चालणार नाही.

ती घरासाठी बोलेल असे वकीलबाई म्हणाल्या. बोलू दे. मी तर घर माझ्या नावावर असूनही बोलले नाही.

ती तीस दिवसांत बोलली नाही तर घर विकावे आणि आलेली रक्कम खेड्यांतून शिकायला येणाऱ्या मुलींच्या वसतिगृहाला द्यावी. नयनला घर कोणत्याही परिस्थितीत मिळू नये. त्याने हॉलमध्ये दुसऱ्यांदा हसू नये एवढीच माझी यात इच्छा आहे.

उद्या छाननी आहे. नयनच्या अर्जावर सूचक कोण ते मी पाहिलेले नाही, कोणी मोठाच माणूस असेल. दिपालीच्या अर्जावर चंदाबाईंची सही आहे, असे चंदाबाईंनी मला सांगितले. उद्या काय होईल ते होवो. दिपाली, त्या दहा पानांवरच्या सह्या आधी परत माग. मिळाल्या नाहीत तर ठाणेदाराला लेखी दे की त्या पानांवर पुढे जे लिहिले जाईल ते तू लिहिलेले नाही. मला हे कोणी सांगितले नव्हते.

हे मृत्युपत्र सात पानांचे आहे. सातही पाने दोन्ही साक्षीदारांसमोर मी आधी वाचली आणि मगच प्रत्येकाखाली सही केली. सातव्या पानाच्या तळाशी चार बोटे जागा उरली होती. तिथे मी स्वतःच्या हाताने आडवी रेघ मारली आहे. माझी सही असलेले एकही पान आता कोरे नाही.

ठिकाण : दिग्रस, जिल्हा यवतमाळ
दिनांक : २५ सप्टेंबर २००९

सही : विमल मारोतराव देठे

साक्षीदार
१. शेख जफर शेख इमरान, वय ६१, गॅरेज, दिग्रस
२. श्रावण लक्ष्मण बेलोरकर, वय ७४, शिवणकाम, दिग्रस